खाजरा मासा

आठ दिवस झाले, रामनाथच्या जाळ्यात धड मासा लागत नव्हता. एप्रिल सरत आला होता. धरणाचं पाणी रोज हातभर मागं सरकत होतं आणि उघडा पडलेला गाळ भेगाळून वाळत होता. पाण्याला शिवायचं तर तेवढा गाळ तुडवत जायचं. पहाटे गेलेला रामनाथ उन्हं तापल्यावर परत यायचा तेव्हा त्याच्या मांड्यांवरचा चिखल वाळून पांढरा झालेला असायचा आणि पिशवीत बोटबोटभर चिलाप्या. घरच्या कालवणाला त्या ठीक होत्या. पर्यटकांच्या ताटात ठेवण्याजोग्या नव्हत्या.

पर्यटकांचं ताट रामनाथच्या बायकोच्या, कुशाबाईच्या हाताखालून जायचं. दादाभाऊनं धरणाच्या काठाला पाच खोल्या बांधून चार वर्षं झाली होती. तो वारूळवाडीचा, घरची द्राक्षाची बाग असलेला. डोंगरातली माणसं त्याला शेठ म्हणत. पहिल्या वर्षी त्यानं नारायणगावचा आचारी ठेवला होता. त्यानं केलेला मासा लोक उष्टा टाकून उठायचे. लग्नसराईत तो आचारी न सांगता निघून गेला आणि त्याच दिवशी मासे द्यायला आलेल्या रामनाथला शेठनं विचारलं, "तुझ्या घरी कोण करतं मासा? तिला पाठव."

तेव्हापासून तिथलं चुलवण कुशाबाईचं झालं. कटल्याचे तुकडे रश्श्याला, डोकं वेगळं लसणीत. वांब राखेनं चोळून, बुळबुळ काढून तव्यावर. मरळ पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात. पुण्याची माणसं फोनवर विचारायला लागली, "त्या कुशाबाई आहेत ना?" पन्नाशी गाठलेल्या कुशाबाईला तोवर कुणी रामनाथची बायको म्हणे, कुणी वरच्या वाडीची म्हातारी म्हणे. आपल्या नावाची चौकशी होते हे तिनं सुनेला, मोहिनीला, दोनतीनदा वेगवेगळं निमित्त काढून सांगितलं होतं. मोहिनी तिच्या हाताखालीच होती, भांडी घासायला आणि कांदा चिरायला.

कुशाबाईची एक रीत होती. मासा कापला की शेपटीकडचा तुकडा ती तसाच निखाऱ्यावर टाकायची, मीठही न लावता. तो चाखायची आणि मगच चिंच किती, मिरची किती ते ठरवायची. पाणी बदललं की मासा बदलतो, असं तिची आई म्हणायची. न चाखता तिनं कधी मासा चुलीवर चढवला नव्हता.

शुक्रवारी शेठ मोरीपाशी येऊन उभा राहिला. "उद्या बाळासाहेब येणार. मुंबईत लई मोठी कंपनी हाय त्यांची. दर शनिवार-रविवार माणसं इकडं पाठवीन म्हणलेत. मासा पायजे, मोठा."

"जाळ्यात काय लागंना शेठ. चिलाप्या हायेत."

"चिलाप्या घाल मांजराला." शेठनं तिथंच फोन लावला, हसत बोलला, मान डोलावली. "ते म्हणतात मासा मीच आणतो. समुद्राचा. तू फक्त करायचा."

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. बाळासाहेब, त्यांची बायको आणि मेहुणा उतरले. ड्रायव्हर भरतनं डिकी उघडून ओलं बारदान बाहेर ओढलं. त्यातून मासा निघाला तो वासराच्या तंगडीएवढा. बाळासाहेबांनी तो आधी बाहेरच्या कठड्यावर ठेवायला लावला. मग तिघांनी आळीपाळीनं त्याच्यासोबत फोटो काढले. मासा इकडून, मासा तिकडून, मासा मेहुण्याच्या खांद्यावर. कठड्यालगतची फरशी इतकी तापलेली होती की मोहिनी तिच्यावरून अनवाणी जाताना टाचा उचलून गेली.

"हा कुपा," मासा मोरीत आल्यावर बाळासाहेब म्हणाले. "टूना म्हणतात. पहाटे माझ्या डोळ्यांदेखत होडीतून उतरवलाय. इतका ताजा मासा तुम्ही जन्मात पाहिला नसेल, मावशी."

कुशाबाईनं खरंच असा मासा पाहिला नव्हता. अंग गोल, दोन्हीकडं निमुळतं. पाठ काळीनिळी, पोट भांड्यासारखं चकचकीत. शेपूट चंद्रकोरीसारखी. तिनं सवयीनं राख घेतली, पण खरवडायला खवलीच नव्हती. कल्ला उचलून पाहिला. लाल होता, पण कडेनं तपकिरी पडलेला. अंगठा दाबला तर खळगा लगेच भरला नाही. नाक जवळ नेलं, घाण वास नव्हता. तिला काही कळेना. कटला असता तर तिनं बाजूला टाकला असता. पण हा कटला नव्हता.

मोहिनी पंपावरून कळशी भरून आली आणि हळूच म्हणाली, "आत्या, म्या त्या भरतला इचारलं, बरफात आनला का. तर म्हनतो, बरफ बाटल्यास्नी. खोका एकच व्हता, त्यात समदी बियर. मासा बारदानात. वर आनि नारायनगावात पाव्हन्यांकडं दोन तास गाडी उन्हात."

"कधी धरलेला?"

"पाटं पाचाला."

कुशाबाईनं विळी पुढं ओढली. आत मांस गडद लाल निघालं, बकऱ्याच्या मांडीसारखं. कण्याच्या दोन्ही बाजूंना काळपट पट्टा. पाण्यात तुकडे टाकले की पाणी लाल, पुन्हा लाल. चार पाणी झाली तरी लाल.

बाळासाहेब स्वयंपाकघरातच प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. हातात फोन, समोर थंड बाटली. "चार तऱ्हा करायच्या, मावशी. एक तव्यावर, बाहेरून भाजलेला, आतून लालच राहू द्यायचा. दुसरा रस्सा, तुमच्या पद्धतीचा. तिसरा तुमचा तो पानातला. आणि चौथा कच्चा."

"कच्चा कसा वो खायचा?" कुशाबाईला हसू आलं.

"जपानात खातात की. पातळ काप, वर लिंबू. माशाची खरी चव त्यातच."

"मंग चूल कशाला पेटिवली म्या?"

बाळासाहेब मोठ्यानं हसले. "दादाभाऊ, तुझी बाई हजरजबाबी आहे हं!"

तिनं काप करून दिले. बाळासाहेबांनी एक उचलला, लिंबू पिळलं, डोळे मिटून चघळला. "आहाहा! जिभेवर कसं झिणझिणतं बघ. मिरची नाही, काही नाही, तरी तिखट! ही ताजेपणाची खूण. घे दादाभाऊ."

"आज शनवार हाय माझा," शेठ हात जोडत म्हणाला.

बायकोनं एक खाल्ला, मेहुण्यानं तीन. ते ताट घेऊन बाहेर झाडाखाली गेले.

कुशाबाईनं शेपटीचा तुकडा निखाऱ्यावर टाकला. चरबी सुटली, वास छान आला. फुंकर घालून तिनं तो तोंडात टाकला आणि दोनदा चावून थांबली. जिभेच्या कडांना बारीक सुया टोचल्यासारखं झालं. मग ओठांना. तिनं तुकडा थुंकला, चूळ भरली, पाठीकडचा दुसरा तुकडा भाजला. तेच. ही चव तिला ठाऊक होती. कच्चा राहिलेला अळू खाल्ला की असंच होतं.

"काय झालं वो आत्या?"

"खाजरा हाय."

"मासा? मासा कुठं खाजरा असतोय?"

"म्या तरी कुठं ऐकलंय."

पदराला हात पुसत ती बाहेर गेली आणि शेठला बाजूला बोलावलं. "शेठ, ह्यो मासा नका वाढू. जिभंला चरचरतोय."

"म्हंजी?"

"अळूवानी. काय तरी इपरीत हाय त्यात. उन्हात लई येळ व्हता, भरत म्हनला."

शेठनं झाडाखाली पाहिलं. तिकडं हशा चालला होता. "समुद्राचा मासा हाय, मीठ असतंय त्याला. तू धरणावरची बाई, तुला काय म्हाईत समुद्राचं? त्या माणसानं सोता आणलाय, सोता खाल्लाय. आता त्याला जाऊन सांगू, तुझा मासा खराब हाय?"

"सांगा म्या सांगितलं म्हून."

"कुशे," शेठचा आवाज खाली आला. तो तिला असं कधी म्हणाला नव्हता. "तुला जमत नसंल तर तसं सांग. नारायणगावचा आचारी कालच इचारत व्हता, येऊ का म्हून. लावू फोन?"

ती वळली. परत आली आणि चुलीपुढं बसली. मोहिनी तिच्या तोंडाकडं पाहत होती.

खाजऱ्या वस्तूचं काय करायचं हे वरच्या वाडीतल्या पोरीबाळींनाही येतं. पावसाळ्यात डोंगरातून अळू येतो, सुरण येतो, रानातले कंद येतात. घसा धरणाऱ्या या सगळ्यांना एकच उतारा असतो, आंबट. चिंच घाला, कैरी घाला, अंबाडी घाला, खाज मरते. कुशाबाईनं अशा वस्तू उभा जन्म शिजवल्या होत्या आणि त्यांनी कुणाचा घसा धरला नव्हता. त्या तासाला तिला दुसरं काही सुचलं नाही. सुचायला दुसरं काही तिच्यापाशी नव्हतंच.

"मोहने, मागच्या झाडाच्या कैऱ्या आन. धा-बारा. आनि चिचंचा गोळा भिजव, मोठा."

तव्यावरच्या तुकड्यांना तिनं कैरीचा कीस चोळला. पानातल्याला चिंचेचा कोळ, लसूण आणि हिरवी मिरची लावून पानं बांधली. रश्श्यात तर कोळ इतका घातला की रंग विटकरी झाला. दोन उकळ्या जास्त दिल्या. मग पळीनं थेंब तळहातावर घेऊन चाटला. आंबट, तिखट, जाळ. त्याच्याखाली चरचर होती की नव्हती हे कळत नव्हतं. तिनं पुन्हा चाटलं.

"गेली," ती म्हणाली. तिला बरं वाटलं. थोडा अभिमानही वाटला.

अडीच वाजता पंगत बसली. तिघांनी बोटं चाटली. पानातला मासा बाळासाहेबांनी पानासकट फोटो काढून कुणाकुणाला पाठवला. मेहुण्यानं रश्श्याच्या तीन वाट्या घेतल्या. शेठ साबुदाण्याची खिचडी खात त्यांच्यात बसला होता आणि मधूनमधून स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहून मान हलवत होता. बघ, उगाच भीत होतीस.

हात धुवून वीस मिनिटं झाली नसतील. आधी मेहुण्याचं तोंड लाल झालं. उन्हानं होतं तसं नाही, कुणी तरी कुंकू फासल्यासारखं. मग बाळासाहेबांची मान. त्यांच्या बायकोनं गळ्यातली साखळी काढून टेबलावर टाकली, साखळीखाली बोटाएवढ्या गांधी उठल्या होत्या. "डोकं फुटतंय," ती म्हणाली. बाळासाहेब छातीवर हात दाबून खाली बसले. "धडधड होतंय रे दादाभाऊ." मेहुणा झाडामागं गेला आणि ओकला.

शेठ पळत आत आला. "काय घातलंस तू?"

कुशाबाई उभी राहिली. तिच्या हातात घासायची कढई होती. पाठोपाठ बाळासाहेबही भिंतीला धरून दारात आले. "मावशी, खरं सांगा. काय घातलं त्यात?"

कुशाबाईला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि खोटं बोलावं असं काही आपण केलंय असंही तिला वाटत नव्हतं. ती म्हणाली, "चिच घातली. कैरी घातली. खाज मारायला."

"कसली खाज?"

"माशाला खाज व्हती."

बाळासाहेबांचे लाल डोळे आणखी मोठे झाले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं! माहीत असून वाढलं आम्हाला?"

कुशाबाईनं शेठकडं पाहिलं. शेठ गाडीची चावी शोधत होता.

घोडेगावच्या दवाखान्यात जाताना शेठनं तिलाही मागं बसवलं. डॉक्टरला सांगायला पाहिजे, काय काय घातलं ते. गाडीत तिच्या अंगाला माशाचा आणि धुराचा वास येत होता. बाळासाहेबांच्या बायकोनं नाकाला रुमाल लावून काच खाली केली.

दवाखाना एका तरुण डॉक्टरीणबाईचा होता. तिनं तिघांची नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. मग शेठला आणि कुशाबाईला बाहेरच्या पॅसेजमध्ये बोलावलं.

"मासा कुठला होता?"

"कुपा," कुशाबाई म्हणाली.

"धरल्यापासून बर्फात होता?"

शेठ फोन चाळू लागला. कुशाबाईनं भरतनं सांगितलेलं सगळं सांगितलं. पहाटे पाच, बारदान, डिकी, बाटल्या, नारायणगाव, कठडा. डॉक्टरीणबाई बोटांवर तास मोजत होती.

"या माशाच्या मांसात एक घटक मुळातच जास्त असतो," ती म्हणाली. "मासा गरम राहिला की त्यावरचे जंतू त्या घटकाचं दुसरंच काहीतरी करतात. वास येत नाही, दिसत नाही. खाल्लं की तोंड लाल होतं, गांधी येतात, डोकं चढतं. संध्याकाळपर्यंत उतरेल, घाबरू नका."

"चांगलं उकळलं व्हतं वो, बाई."

"उकळून जात नाही ते. तळूनही नाही."

"आनि आंबटानं?"

"आंबटानंही नाही, मावशी. अळूची खाज वेगळी, ही वेगळी." तिनं कुशाबाईच्या ओठांकडं निरखून पाहिलं. "तुम्हाला चाखल्यावर कळलं होतं?"

"कळलं व्हतं."

"कमाल आहे. पुष्कळांना कळत नाही." मग शेठकडं वळून म्हणाली, "यांच्या हाताचा काही दोष नाही. मासा आला तेव्हाच तसा होता."

दोष आपल्या हाताचा नव्हता, कुशाबाईला हायसं वाटलं. पण उकळून जात नाही हे आता तिला कळलं होतं आणि वाढलं तर तिनंच होतं. तरी शेठनं ऐकलं, हे बरं झालं. शेठ आत गेला. ती दाराच्या फटीजवळ उभी राहिली.

"काय म्हणाली डॉक्टर?" बाळासाहेबांचा आवाज.

"काय नाय, बाधलं म्हणली. सांजच्याला बरं वाटंल." शेठनं आवाज मऊ केला. "बाईची चूक झाली, साहेब. अडाणी हाय, डोंगरातली. काय पाला घालत्यात, काय कंद घालत्यात. उद्यापासून ती नाय दिसणार तुमाला."

"मासा तर एक नंबर होता."

"मासा एक नंबरच व्हता."

मग शेठनं दार उघडलं. "ये आत. हात जोड साहेबांपुढं."

कुशाबाई आत गेली. तीन खाटांवर तिघं पडलेले होते. ते आता तिच्याकडं बघतही नव्हते, वरच्या पंख्याकडं बघत होते. तिनं हात जोडले. नखांत चुलीची राख आणि माशाचं रक्त वाळलेलं होतं.

"चुकलं," ती म्हणाली.

"असू द्या, असू द्या," बाळासाहेब म्हणाले. "पण कुणाच्या जिवाशी असं खेळू नये."

परत येताना शेठची गाडी तिच्यासाठी थांबली नाही. शेवटच्या एसटीत तिला जागा मिळाली. पुढच्या बाकावर वाडीतली प्रयागबाई बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मागं वळून विचारलं, "काय गं कुशे, तुज्या हातचं खाऊन पाव्हनं दवाखान्यात हायेत म्हनं? त्यो भरत फाट्यावर सांगत व्हता."

"मासा उन्हात व्हता."

"आसंल बाय," प्रयागबाई म्हणाली आणि पुढं तोंड केलं. शेजारच्या बाईच्या कानाशी ती काहीतरी बोलली. दोघींच्या खांद्यांवरून कुशाबाईला ते ऐकू न येताही कळलं.

चार दिवस ती घरी राहिली. रामनाथ जाळं सांधत बसला होता. एकदाच म्हणाला, "त्या डाक्टरनीकडनं लिवून आनायचं का?"

"कुनाला दावायचं लिवलेलं?" ती म्हणाली. "ज्याला दावायचं त्यानं ऐकलंय ते माझ्या म्होरं."

पाचव्या दिवशी सकाळी शेठ मोटारसायकलवरून वाडीत आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, धरणाच्या पाण्याची चौकशी केली, पाणी किती मागं गेलं, किती जाईल. मग म्हणाला, "राग धरू नको कुशाबाई. माझा काय इलाज व्हता? साहेबांच्या माणसांचं पयलं बुकिंग या शनवारी येतंय."

"मंग एकदा फोन लावा त्यास्नी. माझ्याम्होरं. डाक्टरीण काय म्हनली त्येवडं सांगा. मला काम नको, काय नको."

"सांगून काय हुनार? त्यांना वाटंल, मीच त्यांना खोटं पाडतोय. झालं ते झालं." शेठनं घराच्या आत पाहिलं. मोहिनी दाराआड उभी होती. "मोहिनीला पाठव. तीन वर्षं तुझ्या हाताखाली हाय, समदं बघितलंय तिनं. नाव नवं, माणूस नवं. कुणी इचारणार नाय."

कुशाबाई रामनाथकडं पाहत राहिली. रामनाथच्या हातातली सुतळी थांबली होती. शेजारी पाटीत सकाळच्या चिलाप्या होत्या, मूठभर. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा गाठ मारायला लागला.

"येते म्या," दाराआडून मोहिनी म्हणाली.

शनिवारी मोहिनीनं धुतलेलं लुगडं नेसलं, केस आवळून बांधले. एक कटला लागला होता, तो घेऊन रामनाथ आधीच खाली गेला होता. चुलीपाशी कुशाबाई भाकरी थापत होती. मोहिनी तिच्याजवळ येऊन उकिडवी बसली.

"आत्या, डोक्याला लसूण किती?"

"दोन गड्डं. ठेचून. चिरू नको."

"रश्श्याला चिच?"

"निंबायेवडी. जास्त नको."

मोहिनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. "आनि आत्या... पाव्हन्यांनी पुन्ना त्यांचा मासा आनला, आन् म्या शेपूट भाजून चाखली, आन् त्यो तसाच लागला तर? काय करायचं?"

कुशाबाईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"चाखू नको."

"आं?"

"चाखायचीच नाय शेपूट. तोंडाला लावायचं नाय काय. कुनी इचारलं काय घातलं, तर मीठ-मिरची म्हनायचं. चव कशी व्हती म्हनले तर म्हनायचं, म्या चाखला नाय, साहेब." तिनं भाकरी उलटली. "जा आता. उशीर हुतोय."

मोहिनी उठली. मग पिशवी उचलून उतारानं खाली निघाली. कुशाबाईनं ती भाकरी काढली आणि दुसऱ्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं.